काळ्या-राखाडी वास्तवदर्शी टॅटूसाठी कल्पना सुचवा (आपल्या खान्देशातल्या असतील तर उत्तम)

अमळनेरी_पोऱ्या

राम राम मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

वय २८, गाव अमळनेरजवळ, नोकरी जळगावला एमआयडीसीत. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, टॅटू काढायचा आहे. रंगीत नको. काळा आणि त्याच्याच राखाडी छटा, बघणाऱ्याला फोटो वाटावा असा. ब्लॅक अँड ग्रे रिअलिझम म्हणतात तो प्रकार.

एका दुकानात जाऊन आलो. त्या भावानं मोबाइल उघडला आणि एकामागून एक सिंह दाखवले. सिंह आणि घड्याळ, सिंह आणि गुलाब, सिंह आणि होकायंत्र. मी म्हटलं, सातपुड्यात सिंह कुठून आणू? तो म्हणे, मग लांडगा घ्या.

माझ्या डोक्यात दोन गोष्टी आहेत.

१. आजीचा चेहरा. आजी ८१ वर्षांची, ठणठणीत. तिच्या हनुवटीवर आणि कपाळावर गोंदण आहे, ते चेहऱ्यात दिसलंच पाहिजे. फोटो खाली जोडलाय.

२. वनपिंगळा, म्हणजे जंगलातलं ते छोटं घुबड. तोही फोटो जोडलाय.

दोन्ही एकत्र बसतील का? का तिसरंच काही सुचतंय? मोकळेपणानं सांगा.

जुना_धुळेकर

आजी हयात आहे ना? मग हातावर कशाला, रविवारी घरी जाऊन तोंड दाखव तिला.

अमळनेरी_पोऱ्या

काका, दर रविवारी जातो. कळण्याची भाकर आणि ठेचा चुकवत नाही.

शहादा_पक्षी

टॅटूमधलं मला काही कळत नाही, पण दुसरा फोटो वनपिंगळ्याचा नाही. तो साधा ठिपकेवाला पिंगळा आहे, तुमच्या गावच्या चिंचेवर रोज संध्याकाळी ओरडतो तोच. डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची गर्दी दिसतेय ना? वनपिंगळ्याचं डोकं जवळपास एकसारखं राखाडी-तपकिरी असतं, ठिपके असले तरी अगदी पुसट. पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे, पोटाचा मधला भाग पांढरा, आणि पायांवर दाट पिसं. शिवाय तो दिवसाढवळ्या हिंडतो.

हा पक्षी आपलाच म्हणायला हरकत नाही. ह्यूम नावाच्या इंग्रज पक्षीअभ्यासकानं १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना कुणाच्या हाती लागला नाही, लोक संपला म्हणून मोकळे झाले. मधल्या काळातला एक नमुना मेनर्ट्झहागेन नावाच्या साहेबानं १९१४ मध्ये गुजरातेत मिळवल्याचं सांगितलं होतं, पण तो जुन्याच संग्रहातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला निघाला. शेवटी नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो आपल्या शहाद्याजवळ दिसला. ११३ वर्षांनी! आता असा पक्षी हातावर घ्यायचा आणि काढायचा मात्र चिंचेवरचा, हे बरं नाही.

अमळनेरी_पोऱ्या

बापरे. चुकीचा पक्षी जन्मभर घेऊन फिरलो असतो. मनापासून आभार.

काजळकाम

धंदा हाच आहे, दहा-बारा वर्षं झाली. दुकानाचं नाव सांगत नाही, इथे जाहिरात नको. लांबण लागेल, बूड टेकून वाचा.

राखाडी शाई म्हणजे काळीच शाई, पाण्यानं पातळ केलेली. तीन-चार छोट्या कपांत कमी-जास्त पातळ करून ठेवायची आणि गर्द ते फिक्या अशा पायऱ्या चढायच्या. बारीक रेघेला गोल लायनर सुई, सावलीला मॅग्नम, म्हणजे सुयांची चपटी रांग. पांढरा रंग जवळजवळ नसतोच. पांढरं म्हणजे तुमची कातडी. उजेड जिथे पडलाय तिथे सुई लावायचीच नाही. या कामात निम्मं कसब न काढण्यात आहे, आणि गिऱ्हाइकाला नेमकं तेच पटत नाही. "इथे मोकळं राहिलं की हो" म्हणतात.

ही पद्धत कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांतली. तिथले मेक्सिकन वंशाचे कैदी कॅसेट प्लेअरची मोटर आणि गिटारची तार जोडून मशीन बनवायचे. सुई एक, रंग एक, कारण दुसरा मिळतच नव्हता. ते काम उजळ माथ्यानं दुकानात आणलं ते चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी यांनी, १९७५ साली ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये. दुकानाचं नाव गुड टाइम चार्लीज टॅटूलँड. पुढे तिथे फ्रेडी नेग्रेटे आला, तो तर कोठडीतच हात बसवून आलेला. तिकडे कैदी काजळीवर भागवत होते, इकडे आपल्या गोंदणाऱ्या बाया दिव्याच्या काजळावर. साहित्य एकच, कार्बन.

आता तुमच्या आजीकडे येऊ. खरं सांगतो, राग मानू नका.

फोटो आधार कार्डासाठी काढलेला दिसतोय. उजेड समोरून, सपाट. नाकाला सावली नाही, गालाला खळगा नाही. या फोटोवरून जगातला कुणीही आला तरी आजी पुरीसारखीच दिसणार.

दुसरं म्हणजे आकार. शाई कातडीत साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जाते. तिथल्या पेशी ती गिळून धरून ठेवतात, म्हणून टॅटू टिकतो. पण वर्षं जातात तशी ती थोडी पसरतेच. आजची केसाएवढी रेघ दहा वर्षांनी दोऱ्याएवढी होते. चेहरा निदान तळहाताएवढा हवा, नाहीतर पापणी आणि बुबुळ एकमेकांत मिसळतात. तुमच्या हाताच्या रुंदीत आजीचा चेहरा कसाबसा बसेल, पण हनुवटीवरचे तीन ठिपके त्यात राईएवढेही येणार नाहीत. पाच वर्षांत लोक विचारतील, आजीच्या हनुवटीला काय लागलंय?

तिसरं आपल्या सावळ्या रंगाचं. शाई खाली असते आणि आपला रंग तिच्या वर. चहाच्या ग्लासातून चित्र बघितल्यासारखं होतं. गोऱ्या कातडीवरचे फोटो बघून लोक येतात, त्यातल्या नाजूक राखाडी छटा आपल्यावर बुडतात. आपल्याला काळं निर्भीडपणे काळं हवं, मोकळी कातडी भरपूर हवी, आणि मधल्या छटा मोजक्याच. पांढरी शाई डोळ्यातल्या एका ठिपक्यापुरती. तीही पुढे पिवळट होते.

पिंगळा आणि आजी एकत्र करू नका. दोघांच्या मध्ये काय घालणार? शेवटी तिथे घड्याळच येणार.

केळीबाग_रावेर

वरचा प्रतिसाद सहा वर्षांपूर्वी वाचायला मिळाला असता तर बरं झालं असतं.

वडील गेले त्या वर्षी दंडावर त्यांचा चेहरा काढून घेतला. फोटो होता लग्नातला, मागच्या रांगेतला, मोठा करून घेतलेला. कुठल्या शहरात, कुणाकडे ते सोडा. आकार दोन इंच. त्या दिवशी फार आवडला. तिसऱ्या वर्षी मिशी आणि हनुवटी एक झाली. चौथ्या वर्षी पुतणी म्हणाली, काका, हे माकड कशाचं?

मग झाकून घेतला. झाकायचं म्हणजे आधीपेक्षा मोठं आणि आधीपेक्षा गर्द काढावं लागतं, दुसरा इलाज नाही. आता वडलांच्या जागी केळीचं फाटलेलं पान आहे, खांद्यापर्यंत. वडील केळीवालेच होते, म्हणून चालून गेलं.

पण कल्पना म्हणून सांगतो, केळफूल. एकावर एक पाकळ्या, मेणासारखी चकाकी, एक पाकळी उलटलेली आणि तिच्याखाली कोवळ्या केळ्यांची ओळ. मुळात गर्द रंगाचं, त्यामुळे काळ्यात शोभतं, आणि दंडाच्या गोलाईवर फिट बसतं.

जंक्शनवाला

आमचे आजोबा भुसावळला वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. मी पोटरीवर डब्ल्यूपी इंजिन घेतलंय, ते निमुळतं नाक आणि त्यावरचा तारा. काजळकाम यांचा मुद्दा मला तेव्हा कळला. वाफ सगळी मोकळी कातडी आहे, कलाकारानं तिला सुई लावली नाही, फक्त तिच्या मागचं आभाळ काळं केलं. चाकं आणि दांडे बघून लोक बोट लावतात, ग्रीस लागेल म्हणून बोट मागे घेतात.

धातू या कामात फार उठून दिसतो. त्या न्यायानं नंदुरबारकडचे चांदीचे जाड कडे, हसली, साखळ्या, हेही छान दिसेल.

भरती_२०

दादा लोक मी धुळ्यात भरतीची तयारी करतोय. मला मानेवर लांडगा काढायचाय, चालेल का?

जुना_धुळेकर

नाही चालणार. लष्कराच्या नियमात कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला एवढीच कायमच्या टॅटूला परवानगी आहे. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणाची वेगळी सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र दलांत आणखी बारीक बघतात. डावा हात, म्हणजे सलामीचा नाही तो, आतली बाजू, आणि आकार त्या भागाच्या पावपेक्षा कमी. मजकूर कसला आहे तेही बघतात. प्रत्येक भरतीची जाहिरात स्वतः वाच. मुलगा फौजेत आहे म्हणून माहीत. आणि आधी पळ, लांडगा नंतर.

भरती_२०

ओके काका. १६०० मीटर ५ मिनिट ४० ला येतंय.

अहिराणी_माय

मी ६३ वर्षांची, मुलीनं हा धागा वाचायला दिला. गोंदणाचं वाचून राहवलं नाही.

माझ्या हातावर तुळस आहे आणि मनगटावर ठिपक्यांची ओळ. नऊ-दहा वर्षांची असेन. गोंदणारी बाई ओट्यावर बसली, तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या, करवंटीत काजळ. मोठ्या आईनं माझा हात मांडीखाली दाबून धरला होता. बाई गाणं म्हणत होती, मी शिव्या देत होते. नंतर हळद लावली. चार दिवस हात सुजला, पाचव्या दिवशी मी शाळेत सगळ्यांना दाखवत होते.

मला एक विचारायचंय. काजळ काळं, मग माझी तुळस हिरवी का दिसते?

काजळकाम

माय, फार चांगला प्रश्न. काजळ अजून काळंच आहे. पण कातडीच्या खालून उजेड परत येतो तेव्हा निळसर भाग जास्त विखुरतो आणि आपल्यापर्यंत पोचतो, म्हणून खोलवरचं काळं निळं-हिरवं दिसतं. गोंदण जितकं खोल तितकं हिरवं. आमचं काळंही काही वर्षांनी थोडं निळसर होतंच. जो कलाकार "कायम काळंकुळकुळीत राहील" म्हणतो त्याच्याकडून उठून या.

लेण्यांचा_नादी

कुणी अजिंठ्याचं नाव कसं घेतलं नाही? जिल्हा आपला नाही, पण जळगावहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, खाली वळलेले डोळे, हातात कमळ. याहून शांत चेहरा कुठे मिळणार?

काजळकाम

अजिंठा मी दोनदा केलाय, एकदा फसलो. ते चेहरे रेषेवर उभे आहेत. भुवईची एक रेघ सगळं काम करते. त्यांना फोटोसारखी सावली द्यायला गेलं की पद्मपाणी जाऊन कॅलेंडरातला देव येतो. दुसऱ्यांदा मी चेहऱ्याबरोबर भिंतही काढली. उडालेला गिलावा, भेगा, कडेला उघडा पडलेला खडबडीत थर. रेघ रेघच ठेवली, वास्तव सगळं भिंतीला दिलं. ते काम अजून बघवतं.

सारंगखेडा_एक्स्प्रेस

घोडा! दत्तजयंतीला यात्रेत या आणि फोटो काढा. मारवाडी घोड्याचे आत वळलेले कान, टोकं एकमेकांना टेकलेली. आयाळीत पाणी मारून उन्हात उभा केला की काय चमकतो. मी मांडीवर घेणार आहे.

आखाजीचा_झोका

आमच्याकडे रोटाच्या सणाला कानबाई देवी बसते, नारळाला डोळे, नथ, मळवट. तो मुखवटा चांदीच्या नथीसकट काढला तर? की देवीचं असं हातावर काढणं बरोबर नाही? घरात यावरून आधीच वाद झालाय.

जुना_धुळेकर

कमरेच्या खाली नको. बाकी देवी समजून घेते.

शहादा_पक्षी

सातपुड्यातल्या होळीचेही फोटो लोक उचलतात. काठी गावच्या होळीत मोरपिसांचा टोप घातलेले, कमरेला दुधी भोपळे नि घुंगरं बांधलेले बुध्या, अंगभर राखेची नक्षी. चित्र म्हणून जबरदस्त, पण तो कुणाचा तरी चेहरा आहे आणि त्यानं त्यासाठी नवस पाळलाय, पथ्यं पाळली आहेत. ओळखीचा असेल तर विचारा, नसेल तर सोडा. नेटवरून उचललेला माणूस हातावर घेऊन फिरायचं मला तरी जड जाईल.

त्वचेची_डॉक्टर

मजेत चाललेल्या धाग्यात थोडं पथ्यपाणी.

सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली हवी, शाई नव्या कपात ओतलेली हवी आणि उरलेली फेकायला हवी. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही याच वाटेनं येतात. जत्रेतल्या एकाच सुईवर रांगेनं हात पुढे करू नका. कान टोचल्यावर किंवा जखमेच्या जागी गाठीसारखा व्रण वाढत असेल (केलॉइड) तर मोठा टॅटू नकोच. मधुमेह असेल तर आधी साखर आटोक्यात आणा. तिळावर कधीही काढू नका, त्यात बदल झाला तर दिसायचा नाही. आणि "आधी तात्पुरता करून बघू" म्हणून काळी मेंदी लावू नका. तिच्यात केसांच्या रंगातलं पीपीडी नावाचं रसायन घालतात, त्यानं फोड येऊन कायमचे डाग राहिलेले मी पाहिलेत. साधी मेंदी काळी नसते. टॅटूनंतर काही महिने रक्तदान करता येत नाही, रक्तपेढीला खरं सांगा.

काळी शाई लेझरनं इतर रंगांपेक्षा बरी निघते, पण बऱ्याच फेऱ्या लागतात आणि आपल्या कातडीवर पांढुरका किंवा काळपट डाग राहू शकतो. निघेल या भरवशावर काढू नका.

आणि ऋतू. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये ४५ अंश, घाम, धूळ. हे काम थंडीत करा. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत भरते, आतून मुरायला काही महिने लागतात. तोवर विहिरीत उडी नाही, फवारणी नाही, ऊन नाही. खपली खाजवायची नाही. हळद, राख, तुपाचे प्रयोग नकोत. माय, तुमच्या वेळची गोष्ट वेगळी.

केळीबाग_रावेर

आणि केळीचा चिक लागू देऊ नका. कपड्यावरचा जात नाही, ओल्या जखमेवर काय करेल देव जाणे.

आखाजीचा_झोका

धागाकर्ते दादा, एक विचारू? चेहराच का? माझी आजी गेली तेव्हा मला तिचा चेहरा आठवायला फोटो लागायचा, पण हात डोळ्यांसमोर असायचा. भाकरीच्या पिठातला. तुमच्या आजीच्या हातावर गोंदण नाही का?

अमळनेरी_पोऱ्या

आहे. उजव्या हातावर, मनगटाच्या वर तुळस, आणि तळव्याच्या पाठीवर ठिपके. हे डोक्यातच आलं नव्हतं.

काजळकाम

मोजून सांगा. आजीचा हात मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत किती, आणि तुमचा कोपर ते मनगट किती.

अमळनेरी_पोऱ्या

फोन करून चुलत बहिणीकडून टेपनं मोजून घेतलं. आजी साडेसोळा सेंटिमीटर. माझा पंचवीस.

काजळकाम

मग तुमचं काम झालं. एकास एक काढा. जेवढा हात तेवढाच. चेहरा लहान करावा लागतो म्हणून गोंदण मरतं, हात लहान करावा लागतच नाही. तिचा ठिपका जेवढा, तेवढाच तुमच्या हातावर, आणि तो पसरला तर तिचा जसा साठ-सत्तर वर्षांत पसरलाय तसाच पसरेल. मी असतो तर सुरकुत्या, शिरा, नखं सगळं सावलीनं केलं असतं आणि गोंदण तेवढं सरळ ठाम रेघेनं, सावली न देता. फोटोच्या हातावर खरं गोंदण.

दिशा अशी ठेवा की आजीचं मनगट तुमच्या कोपराकडे, बोटं तुमच्या मनगटाकडे. हात खाली सोडला की तिचा हात खाली काहीतरी घ्यायला निघालाय असं वाटेल. तुमच्या मनगटाच्या घडीपासून दोन बोटं जागा सोडा, तिथे कातडी सतत मुडपते, शाई धरत नाही. वरच्या टोकाला चौकट नको, बांगडीपाशी छटा विरत जाऊ द्या.

आता तो हात काय करतोय ते तुम्ही ठरवा. रिकामा हात मेलेला दिसतो.

लेण्यांचा_नादी

जात्याचा खुंटा?

जंक्शनवाला

भाकरी थापताना. पण मग तळवा दिसेल, गोंदण लपेल.

अहिराणी_माय

कापूस वेचताना. बोंडात बोटं घातली की हाताची पाठ वर येते, गोंदण समोर. आम्ही एकमेकींचं गोंदण बांधावर असंच तर बघायचो.

काजळकाम

माय, पायाचा फोटो पाठवा, पाया पडतो. कापूस पांढरा, म्हणजे मोकळी कातडी. भोवतीचं वाळलेलं टरफल काळं. दोन्हीच्या मधे आजीचा हात, मधल्या छटांत. उजेड, अंधार आणि मधलं, तिन्ही एकाच बोंडात.

धागाकर्ते, फोटो नीट काढा. सकाळी आठच्या सुमारास, ऊन एका बाजूनं तिरपं. फ्लॅश नको. मोबाइलमधलं चेहरा गुळगुळीत करणारं जे काही असेल ते बंद करा, ते हाताच्या सुरकुत्याही खातं. मागे काहीतरी गर्द धरा. एक नाही, पन्नास काढा. मग मोबाइलवर फोटो काळा-पांढरा करून नखाएवढा लहान करा आणि डोळे बारीक करून बघा. तरीही हात आणि कापूस ओळखू आला तर तोच फोटो.

अमळनेरी_पोऱ्या (तीन आठवड्यांनी)

रविवारी काढले. बहिणीनं मागे काळी छत्री धरली. आजीला वाटलं उन्हासाठी धरलीय, तर म्हणे माझ्या डोक्यावर धर, पऱ्हाटीला काय ऊन लागतंय? बासष्ट फोटो निघाले. आजीनं तेवढ्यात अर्धी ओळ वेचून काढली, थांब म्हटलं तरी थांबेना. त्यातला एक डोळे बारीक करूनही ओळखू येतो. काजळकाम, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय.

वनपिंगळा उजव्या हातासाठी राखून ठेवतोय. फोटो शहादा_पक्षी देणार आहेत, त्यांचा स्वतःचा.

अमळनेरी_पोऱ्या (फेब्रुवारी)

झालं. जानेवारीत दोन बैठका, पाच तास आणि चार तास. कोपराच्या आतल्या बाजूला डोळ्यांत पाणी आलं, बाकी सहन होतं. खपली पडून महिना झाला, तेलकट चमक गेली, फोटो जोडतोय.

कापूस बघा. तिथे शाईच नाही, माझीच कातडी आहे, आणि तरी हात लावावासा वाटतो.

आजीला इतके दिवस दाखवलं नव्हतं, फुलबाह्या घालून जायचो. परवा दाखवलं. चष्मा लावला, माझा हात धरून उजेडात नेला, आपला हात शेजारी ठेवला. पहिलं वाक्य, "येले पैसा दिन्हात का रे तू?" मी अर्धीच रक्कम सांगितली. ती म्हणाली, "माले ते पायलीभर दादरमा गोंदी दिन्हं व्हतं." (दादर म्हणजे आमच्याकडची ज्वारी.)

मग बराच वेळ बघत बसली. आणि म्हणाली, "हाऊ मना हात शे का? मंग पाचवा टिपका कथा गया?"

मोजले. तिच्या हातावर पाच आहेत, माझ्यावर चार.

जुना_धुळेकर

आजी बरोबर आहेत. मीही मोठा करून मोजले.

अहिराणी_माय

करंगळीकडचा राहिला.

काजळकाम

मूळ फोटो उघडून पाहिला. पाचवा ठिपका टरफलाच्या सावलीत होता, स्टेन्सिल काढताना मी तो सावलीतच धरला. चूक माझी. रविवारी या, दहा मिनिटांचं काम आहे. पैसे घेणार नाही.

अमळनेरी_पोऱ्या

येतो. आजीही येतेय, मशीन बघायचंय म्हणते. तुमच्यासाठी पिशवी बांधून ठेवली आहे, पायलीभर दादर. नाही म्हणू नका, ती ऐकणार नाही.